खालचा कप्पा

१

रविवारी सकाळी मी भिकीचं कपाट लावते. शाळेत मी रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेतली बाटली इकडची तिकडे झालेली मला खपत नाही, आणि घरातही चमचा जागेवर नसला की माझं डोकं फिरतं. हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्या कपाटाला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. निदान मी तसं धरून चालले होते.

कपाट म्हणजे भिंतीतलं. अमरावतीतल्या आमच्या घराची मागची खोली आधी गव्हाच्या कोठ्यांची होती. भिकी येणार म्हणून कोठ्या बाहेर काढल्या, भिंतींना पिवळा रंग दिला, पाळणा टांगला आणि कोठ्यांच्या वर जे भिंतीतलं कपाट होतं त्याला सुताराकडून नवी दारं बसवून घेतली. दारांना चुंबक आहे. दार लागलं की टक असा आवाज होतो. आत दोनच कप्पे. खालचा माझ्या कमरेच्या जरा वर, त्यात रोजचे कपडे. वरचा माझ्या डोळ्यांच्या उंचीला, त्यात पुढे लागतील ते मोठे कपडे आणि पांघरुणं.

भिकी हे तिचं खरं नाव नाही. कागदावर ती प्रणाली आहे. पण आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई कौशल्याबाईंनी, तिच्या जन्माच्या दिवशीच सांगून टाकलं की वर्षाची होईपर्यंत हिला भिकी म्हणायचं आणि हिच्या अंगाला विकतचं नवं कापड लावायचं नाही. लेकुरवाळ्या घरी जाऊन पदर पसरायचा, त्या घरच्या लेकरांचे जुने कपडे मागून आणायचे आणि तेच घालायचे. वर्ष झालं की ज्याचे त्याला परत. ज्या घरचं एक लेकरू गेलं, त्या घरी दुसरं टिकावं म्हणून आमच्याकडे असं करतात.

आमचं एक गेलं होतं. कोरोनाच्या आदल्या वर्षी, अकोल्यात. मुलगीच होती. आठवडाभरही राहिली नाही. बारसं झालं नाही म्हणून तिला नाव नाही. आम्ही तिला मोठी म्हणतो, तेही फार कमी वेळा.

एरवी मी आत्याबाईंच्या असल्या गोष्टींना नाक मुरडते. पण सातव्या महिन्यात जन्मलेली पोर काचेच्या पेटीत पडलेली असली, तिच्या नाकात नळी असली, की नाक मुरडायची ताकद राहत नाही. मी म्हटलं, मागा. पदर पसरा. गावभर पसरा.

त्यांनी पसरला. त्यांच्या माहेरी, हिवरखेडला जाऊन ओळखीच्या घरांतून गाठोडं भरून आणलं. आमच्या शेजारच्या नसीमबानोंनी तर मागायच्या आधीच नातीचे कुडते आणून दिले. म्हणाल्या, "हमारी अफिफा इसीमें बडी हुई, कौसल्याबाई. तुम्हारी भी होगी." मी त्या बाईंचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

होळीच्या सुमारास भिकी घरी आली.

२

पहिल्यांदा काय झालं ते इतकं साधं होतं की सांगायलाही लाज वाटते.

मी सगळ्यात लहान झबली पुढे ठेवली होती, त्यांच्या मागे जरा मोठी, त्यांच्या मागे आणखी मोठी. एका सकाळी कपाट उघडलं तर लहान झबली मागे गेलेली आणि दुसऱ्या मापाची पुढे आलेली. घड्याही माझ्या नव्हत्या. मी बाह्या आत घालून तीन पदरी घडी घालते. या घड्या निम्म्याच्या निम्म्या, चौकोनी, रुमालाला घालतात तशा. वरून हाताने थोपटून सपाट केलेल्या.

मी आत्याबाईंना विचारलं. आवाज चढलाच माझा.

"मी काहून लावू हात?" त्या भाजी निवडत होत्या, मानही वर केली नाही. "त्या कपाटाले हात लावाचा म्हणजे तुया तोंडाले लागा लागते. मले काही कामं नाईत का?"

मग अंघोळीनंतर भिकीला मी हट्टाने लहानच झबलं घालायला घेतलं. त्याचे बंद एकमेकांपर्यंत पोचेनात. पोरीचं अंग भरलं होतं. काचेच्या पेटीतल्या त्या काडीसारख्या पोरीचं अंग भरलं होतं आणि मला, तिच्या आईला, पत्ता नव्हता. मी दुसऱ्या मापाचं झबलं घातलं, ते नीट बसलं, आणि मी तिथेच बसून रडले. राग कुठल्या कुठे गेला. आत्याबाईंनीच लावलं असणार आणि कबूल करत नसणार, असं म्हणून मी विषय सोडला.

पुढच्या महिन्यात एका सकाळी कानटोपरं आणि जाड दुपटं वरती काढून ठेवलेलं. बाहेर अमरावतीचं ऊन मी म्हणत होतं. मी चिडून दोन्ही परत मागे टाकली. दुपारी आभाळ आलं, गारा पडल्या, अंगण पांढरं झालं आणि हवेत असा गारठा आला की मी तेच टोपरं शोधत परत कपाटाशी आले.

त्यावेळी मला भीती वाटली नाही. खरं सांगते, बरं वाटलं. शाळा सांभाळून, रात्री जागून माझं डोकं जागेवर नव्हतं, आणि कोणीतरी या घरात माझ्या एक पाऊल पुढे चालत होतं. कोण, ते नंतर बघू असं मी म्हणत राहिले.

३

माझा नवरा अमोल वीज कंपनीत आहे, अकोल्याला. रोज गाडीने जातो येतो. घरी आला की त्याला फक्त भिकी दिसते, कपाट दिसत नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "तुयी झोप होऊन नाही राहिली, पौर्णिमा. तूच लावत असशील आन् विसरत असशील."

हे मला पटलं. पटलं म्हणून मी तपासायचं ठरवलं. उन्हाळ्याची सुटी होती, मी दिवसभर घरी होते.

एका रविवारी मी मुद्दाम सगळी उलटापालट केली. रोजचे कपडे वरच्या कप्प्यात आणि पांघरुणं खालच्या कप्प्यात टाकली, कशीही, बोळे करून. दार लावलं, टक झालं. मग मी स्वयंपाकघरात बसून राहिले. तिथून मागच्या खोलीचं दार दिसतं. आत्याबाई पुढच्या खोलीत कूलरसमोर आडव्या झाल्या होत्या, त्यांचे पाय मला दिसत होते. भिकी पाळण्यात होती.

दुपार कलायला लागली तेव्हा कूलरच्या आवाजातून मला टक ऐकू आलं. आत्याबाईंचे पाय हलले नव्हते.

मी गेले. दार बंद होतं. भिकी जागी होती आणि कपाटाच्या खालच्या भिंतीकडे बघून हसत होती. मी दार उघडलं. खालच्या कप्प्यातली पांघरुणं चौकोनी घड्या होऊन एकावर एक बसली होती. वरच्या कप्प्यातले बोळे तसेच होते. फक्त अगदी कडेला पडलेल्या एका कुडत्याची बाही खाली ओढलेली होती. ओढून बघितलं आणि जमलं नाही म्हणून सोडून दिलं, अशी ती लोंबत होती.

मी त्या बाहीकडे बराच वेळ बघत राहिले. आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गात दप्तरं अडकवायच्या खुंट्या आहेत. मागे एकदा त्या जास्त उंच लागल्या होत्या, पोरी टाचा वर करून दप्तराचा पट्टा खुंटीच्या कडेला लावायच्या आणि तो निसटायचा. मग खुंट्या खाली घेतल्या. त्या खुंट्या आधी जेवढ्या उंच होत्या, तेवढाच उंच हा वरचा कप्पा.

मोठी राहिली असती तर या वर्षी पहिलीत गेली असती.

हा विचार मनात आला आणि मी तो तिथल्या तिथे दाबला. भिकीला उचललं, पुढच्या खोलीत नेलं आणि त्या दिवसापासून पाळणाही पुढे आणून टांगला. अमोलने विचारलं तेव्हा सांगितलं की मागे उकडतं.

४

पाळणा पुढे आणला तरी कपाट मागेच होतं. रोज कपड्यांसाठी तिथे जावंच लागायचं. रोज पुढे तेच ठेवलेलं असायचं जे त्या दिवशी लागणार. पोट बिघडायचं त्या दिवशी लंगोटांची जास्तीची चळत पुढे. लस टोचायची त्या दिवशी मोकळ्या बाह्यांचं झबलं पुढे. मी मुकाट्याने घ्यायची. भिकीचं वजन वाढत होतं, डॉक्टर खूश होते. घेताना भीतीही वाटायची आणि मनातून आभारही मानायची. दोन्ही एकदम होत होतं, त्याला माझा इलाज नव्हता.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली होती. सगळे कपडे पुढे मागे व्हायचे, पण खालच्या कप्प्यात डाव्या कोपऱ्यात एक घडी होती ती कधी हलायची नाही. पांढरट, एकटी. मोठ्या मापाचं काहीतरी असेल म्हणून मी तिला हात लावला नव्हता, उलटापालट केली त्या रविवारीही नाही. दिवाळीच्या आधी घर झाडताना कप्पा रिकामा केला तेव्हा ती घडी उलगडली.

झबलं होतं. जुन्या सुती लुगड्याचं, मऊ. मापाला ढगळ, सहा महिन्यांच्या पोरालाही मोठं होईल असं. बंद हिरव्या परकराच्या कापडाचे, आणि ते चुकून दोन्ही एकाच बाजूला शिवलेले, एक उसवून दुसऱ्या बाजूला परत लावलेला. उसवलेल्या टाक्यांची भोकं तशीच दिसत होती.

तो बंद मीच उसवला होता. मोठीच्या वेळी सातवा महिना चालू असताना माझ्या आईच्या लुगड्याचं मी हे झबलं हाताने शिवलं. मापाचा अंदाज नव्हता, शिवणाचाही नव्हता. ते तिच्या अंगाला लागलंच नाही. दवाखान्यातून मी रिकाम्या हाताने घरी आले तेव्हा आत्याबाईंनी तिचं सगळं कुठेतरी देऊन टाकलं होतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मी ते घेऊन पुढे गेले. आत्याबाईंसमोर धरलं.

"हे कोठून आलं?"

त्यांनी हातात घेऊन पाहिलं. "हे? हे हिवरखेडचं. माणिकबाईच्या घरचं. तिच्या नातवानं घातलं, मग तिच्या लेकीच्या लेकरानं घातलं. लय गुणाचं कापड हाय."

"आत्याबाई, हे मी शिवलेलं आहे."

त्यांनी फोन घेतला आणि माणिकबाईंना लावला. माणिकबाई म्हणजे त्यांच्या लहानपणीची मैत्रीण, फोनवरही शेतातून हाक मारल्यासारख्या बोलतात, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"हो वं माय," माणिकबाई म्हणाल्या, "तूच तं देल्लं होतं थे. माही सून पोटुशी होती तवा. तुयी नात गेली आन् तू गाठोडं घेऊन आली होती. इसरली का?"

आत्याबाईंनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आपल्याच घरचं मी मागून आणलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरचं आणाले गेली, आन् आपल्याच गेलेल्या लेकराचं घेऊन आली. तिले मीच हात धरून घरात आणलं पौर्णिमा."

५

मी त्यांना तेव्हा सगळं सांगितलं. घड्या, टोपरं, टक, ओढलेली बाही. मला वाटलं होतं मन हलकं होईल. झालं उलटंच. आत्याबाईंना माझ्यापेक्षा जास्त भीती वाटली, आणि त्यांची भीती बघून माझीही बाहेर आली.

"लेकरू कशाले येते?" त्या म्हणाल्या. "लेकराले खेळाले कोणी पाहिजे असते. एकटं किती दिवस राहीन थे? ते हिले न्याले आलं असन."

मी म्हटलं, असं बोलू नका. पण हेच तर मी उन्हाळ्यापासून दाबून ठेवलं होतं. भिकी आता रांगायला लागली होती. कुठेही सोडली की मागच्या खोलीकडे जायची. कपाटाखालच्या भिंतीशी जाऊन बसायची, वर बघायची, टाळ्या पिटायची, आणि मधूनच गप्प व्हायची, समोरचं कोणी बोलत असलं की आपण गप्प होतो तशी. मी तिला उचलून आणली की रडून घर डोक्यावर घ्यायची. माझी लेक माझ्या हातातून सुटायला धडपडते आणि त्या रिकाम्या भिंतीकडे हात करते, हे मी रोज बघत होते.

दिवाळी झाली की आत्याबाईंनी हिवरखेडला जाऊन ते झबलं माणिकबाईंना परत द्यायचं आणि दुसरं मागून आणायचं, असं आमचं ठरलं. मी हो म्हटलं. रात्री अमोलला सांगितलं तर त्याने मला वेड्यात काढलं नाही. तो म्हणाला, "दिऊन टाकू. पण मोठीले वाईट वाटन." एवढं बोलून तो कूस बदलून झोपला. झोपला नव्हता हे मला माहीत आहे.

६

आत्याबाई निघायच्या दिवशी सकाळी मी शाळेत जायच्या गडबडीत होते. भिकी पुढच्या खोलीत डबा वाजवत होती, हसत होती, दूधही प्यायली होती. मी तिचे कपडे घ्यायला मागे गेले आणि दार उघडलं.

खालचा कप्पा रिकामा होता.

काहीच नव्हतं. झबली नाहीत, लंगोट नाहीत, टोपरं नाही. रोज त्या कप्प्यात पुढे तेच असायचं जे भिकीला त्या दिवशी लागणार. आज पुढे काही नव्हतं आणि मागेही काही नव्हतं. मी तशीच पुढच्या खोलीत आले.

"कपडे कुठे आहेत?"

"कोणते?" आत्याबाई केस विंचरत होत्या.

दाराशी त्यांची प्रवासाची पिशवी होती. रात्री त्यांनी तिच्यात ते एक झबलं ठेवलं होतं आणि स्वतःचं एक लुगडं. आता ती फुगली होती. मी ती उपडी केली. लंगोट, दुपटी, कुडते, सगळ्यांच्या चौकोनी घड्या. सगळ्यांच्या वर, डबीसकट, ताप मोजायची नळी. तीसुद्धा खालच्याच कप्प्यात असायची.

"न्याले आली," आत्याबाई पुटपुटल्या आणि भिकीला छातीशी धरून बसल्या. "सामान बांधलं तिनं हिचं."

मीही तसंच समजले. पण माझं डोकं, कितीही घाबरलं तरी, हातात नळी आली की मोजमाप घेतं. मी म्हटलं, ताप बघू आधी. भिकीच्या अंगातलं झबलं वर केलं आणि नळी काखेत धरली. ताप नव्हता. अंग थंड होतं.

पण झबलं वर केलं होतं म्हणून तिची छाती दिसली. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. डबा वाजवत होती, हसत होती, आणि प्रत्येक श्वासाला तो खड्डा आत जात होता. झबल्याखाली तो कोणालाच दिसला नसता. मी शाळेत निघून गेले असते आणि आत्याबाई हिवरखेडला निघाल्या म्हणून भिकी दिवसभर नसीमबानोंकडे, दुलईत गुंडाळलेली राहिली असती.

आम्ही तशाच निघालो. नसीमबानोंच्या मुलाने, मोहसीनने, आपली गाडी काढली. बांधलेली पिशवी आयतीच होती, ती उचलली.

डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया आहे. म्हणाले, अशा दिवस न भरलेल्या बाळांना कधी कधी तापही येत नाही, खोकलाही येत नाही, एकदम संध्याकाळी काळी निळी होतात आणि मग आमच्या हातात फार काही राहत नाही. तुमच्या लक्षात कसं आलं?

मी म्हटलं, कपडे बदलताना.

भिकीला ऑक्सिजन लावला होता. आत्याबाई पिशवीतून एकेक घडी काढून देत होत्या आणि प्रत्येक वेळी जे हवं तेच वर होतं. सगळ्यात तळाशी ते ढगळ झबलं निघालं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि भिकीच्या पायांवर पांघरलं.

"मायं चुकलं वं बाई," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, झबल्याशी. "तुले मी काय काय म्हटलं." मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. "हे आता कोठी नाई जात. घरीच राहीन."

७

दवाखान्यातून आलो त्या दिवशी मी पाळणा परत मागच्या खोलीत नेऊन टांगला. झबलं खालच्या कप्प्यात डाव्या कोपऱ्यात ठेवलं. तिथे उभी राहून मी बोलले. मी काय बोलले ते सगळं सांगत नाही. पण आभार मानले, आणि तिला नाव ठेवायचं राहून गेलं त्याचं मला किती वाईट वाटतं तेही सांगितलं.

उत्तर आलं नाही. ते येऊ नये असंच मला वाटत होतं. कारण भीती गेली नव्हती. दार टक वाजलं की अजूनही माझ्या मानेवर काटा यायचा आणि मी वळून बघायची नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याचीही भीती वाटते, हे मला तोवर माहीत नव्हतं. पण त्या थंडीत मी शांत झोपायला लागले, आणि एवढी झोप मला भिकी पोटात असल्यापासून लागली नव्हती.

८

भिकीचा वाढदिवस हरभरा सोलायच्या दिवसांत आला. सकाळी आत्याबाईंनी मागून आणलेले सगळे कपडे धुऊन, घडी करून ताटांत मांडले, प्रत्येक ताटात नारळ आणि खण. हिवरखेडहून माणिकबाई आल्या होत्या, शेजारून नसीमबानो आणि अफिफा. ज्याचे त्याला दिले, सगळ्यांच्या पाया पडले. माणिकबाईंचे कपडे देताना मी ढगळ झबल्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "थे तुयंच होतं, बाई. तुयाच घरी बरं." मग भिकीला पहिल्यांदा मोठ्याने प्रणाली म्हणून हाक मारली आणि विकतचं पहिलं नवं कापड घातलं, लाल फ्रॉक.

आदल्या दिवशी तो लाल फ्रॉक घ्यायला जवाहर गेटच्या बाजारात गेले होते तेव्हा मी आणखी एक घेतला होता. हिरवा, खिसे असलेला. दुकानदाराने विचारलं, केवढी आहे मुलगी? मी म्हटलं, यंदा पहिलीत आहे. घरी पिशवीतून दोन्ही निघाले तेव्हा आत्याबाईंनी हिरवा हातात घेऊन पाहिला, खिशात बोट घातलं आणि परत दिला.

पाहुणे यायच्या आधीच मी तो हिरवा फ्रॉक खालच्या कप्प्यात झबल्याशेजारी ठेवला होता. म्हटलं, हा तुझा. कोणाचा मागून आणलेला नाही.

दुपारी सगळे गेले. अमोल माणिकबाईंना एसटी स्टँडवर सोडायला गेला. आत्याबाई पुढे पाय चेपत बसल्या होत्या. मी ताटं पुसत होते. टक झालं, आणि भिकी हसली.

का कोण जाणे, त्या दिवशी मी उठले. मागच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं, त्यातून पाहिलं.

भिकी उभी होती. ती तोवर कधी उभी राहिली नव्हती. कपाटाखाली, माझ्याकडे तोंड करून ती उभी होती आणि हिरवा फ्रॉक तिच्या छातीवर लावून धरलेला होता, खांद्याला खांदा, दुकानात माप बघायला धरतात तसा. खालचा घेर फरशीवर पसरला होता. दोन्ही खांद्यांवर कापड चिमटीत धरल्यासारखं दुमडलेलं होतं. आणि भिकीच्या डोक्याच्या मागे, कपाटाच्या उघड्या दाराच्या सावलीत, मला भांग दिसला. मधोमध पाडलेला, तेल लावलेला. माप बघायला मान खाली घातली की दिसतो तेवढाच.

मी डोळे मिटले. बघत राहिले तर ती वर बघेल, आणि मग काय ते मला माहीत नव्हतं.

टक.

डोळे उघडले तेव्हा भिकी फरशीवर बसली होती आणि स्वतःचे पाय धरून बघत होती. फ्रॉक नव्हता. मी तिला उचललं, तिच्या मानेत तोंड घातलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. त्या दिवशी तिला मी तेल लावलं नव्हतं.

खालच्या कप्प्यात झबलं होतं, फ्रॉक नव्हता. मला वाटलं घेऊन गेली. मला आनंदच झाला. मी आत्याबाईंना हाक मारली. त्या आल्या, चष्मा लावून कपाटात बघत राहिल्या आणि मग त्यांनी वरच्या कप्प्याकडे बोट केलं.

वरच्या कप्प्यात भिकीचे पुढचे कपडे होते, वाढदिवसाला आलेले. मी सकाळी ते नुसते कोंबून ठेवले होते. आता ते ओळीने होते. पुढे दीड वर्षाचे, मग दोनचे, मग तीनचे. सगळ्यांच्या मागे, ओळीच्या शेवटी, चौकोनी घडी घातलेला हिरवा फ्रॉक. तिने तो घेतला नव्हता. तिने तो मापून भिकीसाठी ठेवला होता, पुढे लागेल तेव्हासाठी. आणि त्या कपाटात जे ठेवलेलं असतं ते भिकीला लागतंच, हे मला वर्षभरात कळलं होतं. माझी लेक तेवढी होणार होती. मला रडू आवरेना. आत्याबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ तिथेच होता.

"पण हे वरतं ठेवलं तिनं," त्या मग म्हणाल्या. "वरतं तं तिचा हात पुरत नव्हता, म्हणत होती तू."

आत्याबाई वरच्या कप्प्याकडे आणि मग कपाटाखालच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"उंची वाढली वाटते तिची," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

मी भिकीला कडेवर घेऊन तिथेच उभी राहिले. पुढच्या वर्षी आणखी वाढेल. एक दिवस तो भांग माझ्या डोळ्यांसमोर येईल, आणि तेव्हा मला डोळे मिटून चालणार नाही. भिकीने कपाटाकडे हात केला. मी तिला खाली सोडलं, वरच्या कप्प्यातली पांघरुणं काढून घेतली आणि मोठीला जागा करून दिली.